चोवीस जोड्यांचा पेपर आणि दुधनीचं तुरीचं रान

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात तुम्हाला काय पटलं नाही तेही सांगा." पहिला भाग सगळे पाठ करून जातात. दुसऱ्या भागाला आवाज बसतो. 'सॅम्पल साइझ लहान होती' एवढं बोलून आपण मोकळे होतो, ती लहान होती की नव्हती हे न बघताच. म्हणून आज एकच पेपर घेऊन बसू. पेपर चांगला आहे, हे आधीच सांगतो. वाईट पेपरवर टीका करायला काही लागत नाही.

पेपर २०१३ चा, 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मधला. गार्सिया-पालासिओस, मिया आणि त्यांचे सहकारी. सहलेखकांत मातीतल्या जीवांवर आयुष्यभर काम केलेल्या डायना वॉलही आहेत. प्रश्न असा: माणसाने रानटी वनस्पतीचं पीक केलं, तेव्हा दाणा मोठा झाला, शेंग फुटायची थांबली, हे आपण जाणतो, पण त्या झाडाचा पालापाचोळा बदलला का? आणि बदलला असेल, तर तो मातीत कुजण्याचा वेग बदलला का? डोमेस्टिकेशनवरचं बहुतेक संशोधन दाण्याभोवती फिरतं. दाणा निवडताना न मागता आणखी काय निवडलं गेलं, हा प्रश्न त्यांनी पाचोळ्याला विचारला. हा प्रश्न सुचणं हेच पेपरचं निम्मं यश आहे.

त्यांनी २४ पिकं घेतली आणि प्रत्येकाचा रानटी पूर्वज शोधून जोडी लावली. मग या जोड्यांचा पाचोळा लहान डब्यांत, ठरवलेल्या परिस्थितीत कुजवून पाहिला. अशा बंदिस्त छोट्या मातीला 'मायक्रोकॉझम' म्हणतात. ढोबळ निष्कर्ष: पिकाचा पाचोळा पूर्वजाच्या पाचोळ्यापेक्षा 'चांगल्या प्रतीचा', म्हणजे जास्त वेगाने कुजणारा.

इथे 'प्रत' हा शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुजण्याच्या भाषेत चांगला पाचोळा म्हणजे जिवाणू-बुरशीला खायला सोपा: नायट्रोजन जास्त, लिग्निन कमी. लिग्निन हा झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ. तो तोडणं फार थोड्या जीवांना जमतं, आणि त्यात बुरशी पुढे. कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर साधारण २५ ते ३० च्या वर गेलं की जिवाणूंना पाचोळ्यातला नायट्रोजन पुरत नाही, मग ते मातीतला उचलतात आणि पुढच्या पिकाच्या तोंडचा काही काळ अडकून पडतो. ज्वारीच्या धाटाचं गुणोत्तर याच्या दुपटी-तिपटीने असतं. तुरीचा गळलेला पाला या सीमेच्या आसपास येतो. शेतकरी ज्याला 'तुरीचा बेवड चांगला' म्हणतो, त्याच्या पोटात हा आकडा कुठेतरी आहे. पण बेवडाकडे नंतर येऊ.

जोड्या लावण्याची पद्धत मला आवडते. ती का चांगली, हे रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहिता येईल असं आहे. समजा तुम्ही गव्हाचा पाचोळा आणि कुठल्या तरी माळावरच्या गवताचा पाचोळा घेतला. फरक दिसला, तर तो पीक असण्याचा की नात्याने लांब असण्याचा? सांगता येणार नाही. गहू आणि त्याचाच पूर्वज घेतला, तर नात्याचा फरक बराचसा गळून जातो. अशा २४ जोड्यांत दिशा एकच दिसली, तर योगायोगाला जागा कमी उरते. शिवाय दोघांना सारख्या परिस्थितीत वाढवलं की खताचा परिणाम वेगळा राहतो आणि हाती येतो तो जात बदलल्याचा फरक. जोडी आणि सारखं वातावरण या दोन गोष्टी तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असतील, तर निम्म्या शंका मुलाखतीआधीच मिटतात.

आता टीका. ती आकडेवारीत नाही, पेपरच्या पहिल्या गृहीतकात आहे.

लेखकांचा तर्क असा आहे: निसर्गात साधनं तुटपुंजी असतात, शेतात मुबलक; शेतात झाडाला दुष्काळापासून, रोगांपासून आडोसाही मिळतो. म्हणून डोमेस्टिकेशन म्हणजे झाडाला गरीब परिसरातून श्रीमंत परिसरात आणणं. गरीब परिसरातली झाडं सावकाश वाढतात, जाड आणि चिवट पानं करतात, ती सावकाश कुजतात. श्रीमंत परिसरातली भरभर वाढतात, मऊ पानं करतात, भरभर कुजतात. पर्यावरणशास्त्रातला हा जुना, भक्कम नियम त्यांनी शेताला लावला.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण 'शेतात साधनं मुबलक' हे वाक्य दुधनीच्या शिवारात उभं राहून वाचून पाहा.

दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचं शेवटचं टोक. पुढे कर्नाटक, कलबुर्गीचा तुरीचा पट्टा. बाजार समितीत तुरीचे ढीग लागतात तेव्हा मराठी आणि कन्नड दोन्ही ऐकू येतात, तुरीला 'तोगरी' म्हणणारे जेवढे तेवढेच तूर म्हणणारे. जमीन काळी, भारी. पाऊस ७५० मिलिमीटरच्या आतला, आणि तोही आला तर. महाराष्ट्राच्या नकाशावर हा अवर्षणप्रवण विभाग आहे. १९३३ मध्ये देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची पाच केंद्रं सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. बाकीची विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. या भागातलं पीक साधनांच्या मुबलकतेत वाढत नाही हे नव्वद वर्षांपासून कागदावर आहे, आणि शेतकऱ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

मालदांडी ज्वारी घ्या. मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात याच जिल्ह्यात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलं गेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, त्यानंतर पाऊस जवळपास नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक निघायचं. इथे माणसाची निवड दुष्काळाच्या आडोशाने झालेली नाही, दुष्काळाच्या तोंडावर झालेली आहे. ज्या दबावाने रानटी झाड चिवट होतं, तोच दबाव शेतातही चालू होता. मग त्या नियमाप्रमाणे पान मऊ व्हायला हवं की चिवट राहायला हवं? पेपरच्या चौकटीत हा प्रश्न बसत नाही, कारण तिथे 'शेत' या शब्दात हमी देणारं पाणी आणि खत आधीच घातलेलं आहे. २४ जोड्यांची सरासरी म्हणून ते चालेल. सोलापूरसाठी अंदाज म्हणून नाही.

हा पहिला मुद्दा. दुसरा मला याहून मोठा वाटतो.

मायक्रोकॉझममध्ये रानटी आणि पीक दोघांचा पाचोळा आपण ठरवून मातीला देतो. शेतात हे ठरवणारा दुसराच कोणी असतो, आणि बहुतेक वेळा त्याला चार पाय असतात. इकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग कणसं मोडतात, ताटांच्या पेंढ्या बांधतात, गंज रचतात. कडबा विकला जातो आणि दुष्काळी सालात दाण्याइतकाच जपला जातो. म्हणजे ज्वारीच्या रानात मातीसाठी राहतात ती तुटलेली बारीक मुळं, खालची थोडी सुकली पानं आणि जे काही वाऱ्याने पडलं ते. २०१३ च्या पेपरची भाषा वापरायची, तर ज्वारीचा 'लिटर' शेतात येतच नाही.

आता यातली मेख बघा. जनावराच्या पोटात, रुमेनमध्ये, नेमकं काय होतं? सूक्ष्मजीव तंतू कुजवतात. लिग्निन कमी तर पचन चांगलं, जास्त तर वाईट. मातीतल्या कुजण्याला लागू होणारा तोच नियम. म्हणजे शेतकरी पिढ्यानपिढ्या गोड, मऊ, जनावर आवडीने खाईल अशा कडब्याची ज्वारी राखत आला, तेव्हा तो नकळत 'लवकर कुजणारा पाचोळा' निवडत होता. फक्त तो कुजणार होता गायीच्या पोटात. याच गोष्टीला प्रयोगशाळेतून साक्ष मिळते: १९७८ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ज्वारीची 'ब्राउन मिडरिब' म्युटंट जाहीर झाली, पानाची मधली शीर तपकिरी, लिग्निन कमी. ती चाऱ्यासाठी उचलली गेली, मातीसाठी नाही.

उलट उदाहरण संकरित ज्वारीचं. सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित वाण १९६४ चा: बुटका, लवकर येणारा, दाण्याला भारी. खरिपात संकरित ज्वारी पसरली, पण रब्बीच्या या पट्ट्यात मालदांडी हलली नाही. भाकरीची चव आणि दाण्याचा रंग ही कारणं आहेतच, पण कडबा हे मोठं कारण. म्हणजे इथे डोमेस्टिकेशनचा (खरं तर त्याच्या पुढच्या टप्प्याचा, वाणसुधारणेचा) निर्णय पाचोळ्यावरच झाला. पेपर पाचोळ्यातला बदल हा दाण्याच्या निवडीचा 'साइड इफेक्ट' मानतो, शीर्षकातच तसं आहे. सोलापुरात तो साइड इफेक्ट नव्हता. तो मागितलेला माल होता.

आणि यातून उलटाच परिणाम निघतो. पाचोळा जितका चांगल्या प्रतीचा, तितका तो मातीत येण्याची शक्यता कमी, कारण तो आधी गोठ्यात जातो. तिथून शेण होऊन परत येईल की गोवरी होऊन चुलीत जाईल, हे गावातल्या सरपणावर ठरतं. समान वजनाचा पाचोळा समान मातीत, ही प्रयोगाची अट विज्ञान म्हणून बरोबर आहे. पण तिच्यामुळे नेमकी हीच साखळी दिसेनाशी होते. ग्रॅममागे वेग मोजला, ग्रॅम किती आले ते मोजलं नाही.

तुरीचं चित्र याहून वेगळं आहे, आणि म्हणूनच दुधनी या पेपरसाठी चांगली जागा आहे. तुरीची धाटं लाकडासारखी. तुराट्या चुलीला, कुडाला. मळणीचं भुसकट जनावराला. पण पानं? ती कापणीच्या आधीच गळून रानात पडलेली असतात. तूर हे मुळात बहुवर्षायू झुडूप, आपण त्याला वर्षाचं पीक म्हणून वापरतो. खालची पानं फुलोऱ्याच्या आधीपासून गळू लागतात आणि जानेवारीत रानात शिरलात तर पायाखाली पिवळ्या-करड्या पानांचा थर असतो. हा पाला कोणी वेचून नेत नाही. इथल्या पिकांत असा, आपणहून जमिनीला पोचणारा पाचोळा फार थोड्यांचा आहे.

तुरीच्या पानगळीवर चांगलं जुनं काम हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅटमध्ये झालं. १९७० च्या दशकात रूपर्ट शेल्ड्रेक आणि नारायणन यांनी तुरीची वाढ आणि तिचं अन्नद्रव्य घेणं टप्प्याटप्प्याने मोजलं, आणि त्यासाठी गळलेली पानंही गोळा केली. (हो, तेच शेल्ड्रेक, जे नंतर 'मॉर्फिक रेझोनन्स'मुळे वादात सापडले. तुरीवरचं त्यांचं काम मात्र साधं, चिकाटीचं आणि आजही उपयोगी आहे.) पुढे तिथेच तुरीनंतर मका घेऊन पाहिला, तर तुरीच्या बेवडाचा फायदा हेक्टरी सुमारे ४० किलो नायट्रोजन दिल्याइतका भरला. हा आकडा छोटा नाही. युरियाच्या भाषेत जवळपास दोन पोती.

तुरीच्या पानाबाबत पेपरला विचारायचा एक बारीक प्रश्न आहे, आणि हा प्रश्न कुठल्याही लिटरच्या पेपरला विचारा: पान कधी तोडलं? गळण्याआधी झाड पानातला नायट्रोजन परत ओढून घेतं, ढोबळ सरासरीने निम्म्याच्या आसपास. याला रिसॉर्प्शन म्हणतात. ज्या पिकात दाणा मोठा आणि एकदम भरतो तिथे ही ओढ जबर असते. गव्हाचं काड पिवळं, हलकं, नायट्रोजनने रिकामं होतं ते यामुळे. म्हणजे डोमेस्टिकेशनने हिरवं पान श्रीमंत केलं असेल आणि त्याच डोमेस्टिकेशनने पडणारं पान गरीब केलं असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हिरवं पान तोडून वाळवलं तर एक उत्तर, गळलेलं वेचलं तर दुसरं. तुरीत ही ओढ अर्धवट राहते, कारण झाड मरायला तयार नसतं; ओल असेल तर शेंगा वाळल्यावरही ते हिरवं राहतं आणि पुन्हा फुटतं. पैदासकाराला हा दोष वाटतो, कमी हार्वेस्ट इंडेक्स म्हणून. मातीच्या बाजूने पाहिलं तर बेवडाचा काही भाग याच दोषातून येत असणार, आणि लवकर येणारं, एकदम पक्व होणारं वाण निवडताना आपण तो भाग विकून टाकतो की काय, हा प्रश्न दुधनीसारख्या बाजारपेठेच्या गावाला परवडणारा नाही असं वाटलं तरी विचारलाच पाहिजे.

ओलीचाही विचार करा. मायक्रोकॉझममध्ये माती ओलसर ठेवतात, नाहीतर प्रयोग पुढे सरकत नाही. दुधनीत पाला पडतो तो नोव्हेंबर ते जानेवारीत. त्यानंतर मृगापर्यंत, म्हणजे पाच महिने, पाण्याचा थेंब नाही. जिवाणूंचं काम जवळजवळ बंद. या काळात पाल्याचं काय होतं? काही वाऱ्यावर बांधाला जातो. काही काळ्या जमिनीच्या भेगांत पडतो. हातभर खोल भेगा, वरून पाला आत जातो, पावसाने माती फुगली की भेग मिटते आणि पाला आपोआप गाडला जातो. बाकीचा उन्हात तापतो. ऊन स्वतः पाचोळा तोडतं. २००६ मध्ये ऑस्टिन आणि विवांको यांनी अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, अशाच अर्धकोरड्या भागात, सूर्यप्रकाश अडवून पाहिला आणि पाचोळ्याची घट त्यामुळे मोठ्या प्रमाणात कमी झाली. गंमत अशी की प्रकाश शोषून घेण्यात लिग्निनच पुढे असतं. म्हणजे ज्या पदार्थामुळे पाचोळा मातीत हळू कुजतो, तोच पदार्थ उन्हात त्याची झीज वाढवू शकतो. मग रानटी आणि पीक यांच्यातला प्रयोगशाळेतला फरक उन्हाळ्यात पुसला जाईल की उलटा होईल? तर्काने दोन्ही मांडता येतं, म्हणूनच हा मोजण्याचा प्रश्न आहे.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळं एकदम सुरू होतं. कोरडी माती भिजली की श्वसनाचा आणि नायट्रोजनचा जो झपाटा येतो, त्याला बर्च परिणाम म्हणतात. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्चने तो १९५८ मध्ये मांडला. त्या दोन-तीन आठवड्यांत सुटलेला नायट्रोजन पेरलेल्या पिकाला मिळाला तर बेवड, जोरदार पावसाने निचरून गेला तर तोटा. फार लवकर कुजणारा पाला इथे वरदान नसेलही. मुळं खाली जायच्या आत नायट्रोजन सुटून गेला तर 'चांगली प्रत' कोणाच्या कामाची?

बेवड हा शब्द मी इतक्यांदा वापरला, तर त्याबद्दलही सावध राहू. आपल्याकडच्या शब्दांचं कौतुक करताना आपण कधीकधी त्यांना तपासायचं सोडतो. बेवडात पाला आहेच, पण मुळंही आहेत, गाठीतला नायट्रोजन आहे, खोल मुळाने फोडलेली जमीन आहे, तुटलेलं रोगचक्र आहे. १९९० मध्ये 'सायन्स'मध्ये एई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तुरीचं मूळ पिसिडिक आम्ल सोडतं आणि लोहाशी बांधलेला फॉस्फरस मोकळा करतं. पण हा प्रकार महत्त्वाचा ठरतो तो तांबड्या जमिनीत; काळ्या चुनखडीच्या जमिनीत फॉस्फरस मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेला असतो. तेव्हा दुधनीच्या बेवडाचं श्रेय घाईने या आम्लाला देऊ नका, आणि सगळं श्रेय पाल्यालाही देऊ नका. मुळांचा वाटा तर हमखास विसरला जातो. रासे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून दाखवलं की मुळाचा कार्बन जमिनीत खोडापानाच्या कार्बनपेक्षा सरासरी २.४ पट जास्त काळ टिकतो. ज्वारी उपटतात आणि तूर कापतात, या एका फरकाचं वजन त्या आकड्यासमोर ठेवून बघा.

आता एक सापळा, ज्यात हुशार विद्यार्थीसुद्धा अडकतो. पाचोळा लवकर कुजतो म्हणजे कार्बन हवेत गेला, म्हणजे मातीचं नुकसान, असं सरळ वाटतं. २०१३ मध्येच कोट्रूफो आणि सहकाऱ्यांनी याच्या उलट मांडणी केली: सोपा पाचोळा जिवाणू जास्त कार्यक्षमतेने खातात, त्यांची शरीरं वाढतात, मरतात, आणि तो मृत माल मातीच्या खनिजांना चिकटून वर्षानुवर्षं राहतो. चिकटण्यासाठी बारीक चिकणमाती हवी. दुधनीच्या काळ्या जमिनीत तिची कमतरता नाही. म्हणजे तुरीचा लवकर कुजणारा पाला दीर्घकाळाच्या सेंद्रिय कर्बासाठी चांगलाच असू शकतो. तेव्हा 'डोमेस्टिकेशनने कुजणं वाढलं' या वाक्यापुढे 'म्हणून माती बिघडली' किंवा 'म्हणून माती सुधारली' असं काहीही थेट जोडू नका. मधले दुवे मोजावे लागतात.

शेवटची टीका शब्दावर. 'डोमेस्टिकेशन' ही एक उडी नाही. रानटी झाडाचं पीक झालं हा एक टप्पा, पिकाचे स्थानिक वाण झाले हा दुसरा, आणि विसाव्या शतकातली पैदास हा तिसरा. पूर्वज आणि आजचं पीक एवढेच दोन बिंदू ठेवले, तर फरक कुठल्या टप्प्यात आला ते कळत नाही. हे करता येतं. २०१८ मध्ये रूकू आणि सहकाऱ्यांनी गव्हात रानटीपासून आधुनिक वाणापर्यंत टप्पे पाडून झाडाच्या गुणधर्मांचा मागोवा घेतला. तुरीत हे आणखी रंजक होईल, कारण तूर आपल्याच देशात माणसाळली. तिचा पूर्वज कजॅनस कजॅनिफोलियस मध्य आणि पूर्व भारतात, बस्तर-ओडिशाकडे, अजून रानात आहे. दोघांत फरकही फार नाही: पूर्वजाच्या बियांवर एक ठळक उंचवटा असतो, शेंगा आणि बिया लहान, झाड मात्र ओळखीचं वाटतं. इतकं की पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी याच रानटी तुरीचं पेशीद्रव्य वापरून संकरित तुरीसाठी नर-वंध्य वाण तयार केले. दाण्यात इतका कमी बदल झालेल्या पिकाच्या पानात किती बदल झाला असेल? इथे फरक दिसला नाही, तरी तो निकाल छापण्यासारखा आहे.

तुमच्यापैकी कोणाला विषय शोधायचा असेल, तर हा घ्या, पण आवाक्यात ठेवून. रानटी बियाणं संस्थेच्या जनुकपेढीतून मागवावं लागतं, कागदपत्रांत महिने जातात, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याच्यावर अवलंबून राहू नका. पहिल्या वर्षी एक जुना स्थानिक वाण, 'मारुती'सारखा रूढ झालेला एक, आणि एक लवकर येणारा, असे तीन पुरेत. पूर्वज दुसऱ्या वर्षी येईल. प्रत्येक वाणाखाली चौरस मीटरची जाळीची चौकट लावून दर पंधरवड्याला गळलेला पाला वेचायचा, सावलीत वाळवायचा, वजन करायचं; यातून ग्रॅम मिळतात, जे त्या पेपरमध्ये नाहीत. त्याच पाल्यातला काही भाग लिटरबॅगमध्ये भरून तीन ठिकाणी ठेवायचा: उघड्यावर उन्हात, उघड्यावर पण सावलीच्या कापडाखाली, आणि भेगेत गाडून. बॅगच्या जाळीचं भोक फार बारीक घेतलंत तर वाळवी बरीचशी बाहेर राहील, आणि या जमिनीत वाळवीला बाहेर ठेवणं म्हणजे अर्धी गोष्ट गाळणं. म्हणून काही बॅग मोठ्या भोकाच्या ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. बॅग उचलायच्या तारखा कॅलेंडरवर समान अंतराने ठरवू नका. मेपर्यंत दोनदा पुरे, मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठवड्याला एकदा.

शेतमालकाला आधीच सांगून ठेवा की त्या चौकटीत जनावर सोडायचं नाही आणि तुराट्या ओढत न्यायच्या नाहीत. आणि चौकटी सप्टेंबर संपायच्या आत लागल्या पाहिजेत, कारण तुरीची खालची पानं तोवर गळायला लागलेली असतात.